जानेवारीतली ओल आणि खिडकीवरनं होणारी भांडणं

पावसाळ्यात बेळगावात ओल असते याचं कुणाला नवल नाही. कपडे वाळत नाहीत, बरणीतलं मीठ पाघळतं, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर हिरवट बुरशी येते आणि आपण चालायचंच म्हणून सोडून देतो. पण डिसेंबर संपत आला, आभाळ निळंशार, येळ्ळूर शिवारातली भातं कापून मळून घरात आली, दुपारी ओठ फुटतील इतकी कोरडी हवा, आणि तरी बेडरूमच्या कोपऱ्यात काळे ठिपके वाढतच चाललेत, कपाट उघडलं की कुबट वास, सकाळी काचेवरनं पाण्याचे ओघळ, असं झालं की माणूस चक्रावतो. आमच्या अपार्टमेंटमध्ये दर हिवाळ्यात हा विषय निघतोच. एकजण म्हणणार बिल्डरनं वाळू धुतली नाही, दुसरा म्हणणार गच्चीचा कोबा फुटलाय, आणि तिसरे एक काका आहेत ते शांतपणे म्हणणार, "अहो बेळगावची हवाच तशी."

हवा तशी आहे हे खरंच. समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंची, सह्याद्रीचा काठ, आणि जूनपासून लागलेला पाऊस कधीकधी ऑक्टोबर संपला तरी पुरता जात नाही. चार-पाच महिने पाणी प्यालेली भिंत दसरा झाला म्हणून लगेच कोरडी होत नाही. पण मला जे म्हणायचंय ते असं की हिवाळ्यातली निम्मीअधिक ओल आपण स्वतः घरात तयार करतो, आणि मग थंडी वाजते म्हणून खिडक्या लावून ती घरातच कोंडून ठेवतो. हे मी घरी सांगितलं तेव्हा आईनं "आम्ही काय घरात पाणी ओततो काय रे?" असं विचारलं. ओततोच की. फक्त ते दिसत नाही.

मी उद्यमबागमध्ये, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, एका मशीन शॉपच्या क्वालिटी डिपार्टमेंटला आहे, आणि आमच्या धंद्यात ओलावा हा रोजचा शत्रू. फौंड्रीत वाळूत पाणी जास्त झालं की कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे आत पोकळ्या, येतात, मशीनिंग झालेला जॉब रात्रभर उघडा राहिला की सकाळी तांबूस दिसायला लागतो, एक्सपोर्टचा माल पॅक करताना सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्या लागतात. आणि एअर कॉम्प्रेसरच्या टाकीखाली एक ड्रेन कॉक असतो, तो रोज उघडायचा असतो. नवीन पोरगं कामाला आलं की हमखास विचारतं, सर यात पाणी कुठनं आलं, आपण तर नुसती हवा भरतो. हवेतनंच आलं. हवा दाबून मग थंड झाली की तिच्यातली वाफ हवेत मावत नाही आणि तळाला पाणी होऊन बसते. बेडरूमच्या कोपऱ्यात दाब वाढत नाही एवढाच फरक, बाकी वाफ थंड जागी पाणी होते ही गोष्ट तीच.

आता थोडे आकडे, कंटाळा आला तर हा पॅरा सोडा, पण सगळी गंमत याच्यातच आहे. २२ डिग्री तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १९ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. १४ डिग्रीच्या हवेत फक्त १२ ग्रॅम. म्हणजे हवा जितकी गार तितकी तिची वाफ धरायची ताकद कमी. आपण मोबाईलवर जी आर्द्रता बघतो, ६० टक्के, ९० टक्के, ती म्हणजे त्या तापमानाला मावू शकते त्यातली किती वाफ आत्ता हवेत आहे एवढंच. आता बेडरूममध्ये २२ डिग्री आणि ७५ टक्के आर्द्रता धरा, लावून घेतलेल्या खोलीत पहाटे एवढी सहज होते. ही हवा १७ डिग्रीच्या आसपासच्या कुठल्याही पृष्ठभागाला टेकली की तिथं पाणी सुटणार. खिडकीची काच तेवढी गार असतेच. उत्तरेकडची बाहेरची भिंतही रात्रभर गार पडून तिथंपर्यंत येऊ शकते, आणि त्यातही बीम आणि कॉलमची जागा, कारण सिमेंट काँक्रीटमधनं उष्णता विटेपेक्षा जास्त वेगानं बाहेर जाते. म्हणून ते काळे ठिपके बघा, बहुतेक वेळा वरच्या कोपऱ्यात, बीमच्या खालच्या रेषेत, नाहीतर कपाटामागं. भिंतीच्या मधोमध सहसा नसतात. शिवाय बुरशीला ओघळ लागत नाहीत, भिंतीलगतच्या हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास बरेच दिवस राहिली की तिचं भागतं. भिंत हाताला कोरडी लागते आणि तरी ठिपके येतात ते यामुळं.

मग एवढी वाफ येते कुठनं? तर आधी माणसं. झोपलेलं मोठं माणूस श्वासातनं आणि घामातनं रात्रभरात साधारण पाव लिटर पाणी हवेत सोडतं. आमच्या बेडरूममध्ये आम्ही दोघं आणि मुलगी, म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास. खोली १० बाय १२ ची, उंची १० फूट, त्यातल्या सगळ्या हवेत २२ डिग्रीला मिळून मावते जेमतेम साडेसहाशे ग्रॅम वाफ, आणि त्यातली निम्मी तर आपण झोपायच्या आधीपासूनच तिथं असते. तेव्हा दार लावलं, खिडकी लावली, दाराखाली कापड सरकवलं (आमच्याकडं हे होतं, वारं येतं म्हणून) की उरलेलं पाणी कुठंतरी बसणारच, आणि ते सगळ्यात गार जागेवर बसतं.

दुसरं, आणि हे सांगितलं की लोक माझ्याकडं संशयानं बघतात, गॅस. सिलिंडरमधला गॅस जळला की त्याचं पाणी होतं. प्रोपेन आणि ब्युटेन दोन्हीत हायड्रोजन भरपूर, तो हवेतल्या ऑक्सिजनबरोबर जळून वाफ तयार होते, एक किलो गॅसमागं दीड किलोपेक्षा थोडं जास्तच पाणी. म्हणजे १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर संपेपर्यंत त्यातनं २२ लिटरच्या आसपास पाणी तुमच्या स्वयंपाकघराच्या हवेत गेलेलं असतं. भरून एक बादली आणि वर तांब्याभर. हे नुसतं ज्योतीचं झालं, त्यावर उकळणारी आमटी, कुकरच्या शिट्ट्या, आंघोळीचं पाणी तापवायला ठेवलेलं पातेलं, हे सगळं वेगळं. दहावीच्या केमिस्ट्रीत हायड्रोकार्बनचं ज्वलन आपण सगळेच शिकलो, पण ते परीक्षेपुरतं.

आणि तिसरे कपडे. वॉशिंग मशीननं कितीही गरागरा पिळले तरी मशीनभर कपड्यांत दोन-अडीच लिटर पाणी राहतंच. पटत नसेल तर मशीनमधनं काढल्यावर बादलीसकट वजन करा आणि वाळल्यावर पुन्हा करा. हिवाळ्यात ऊन लवकर उतरतं, बाल्कनी पूर्वेला असेल तर दुपारी बारानंतर तिथं काहीच नाही, मग संध्याकाळी ते अर्धे ओले कपडे स्टँडसकट हॉलमध्ये येतात, फॅनखाली. फॅननं कपडे वाळतात आणि पाणी घरातच राहतं. बायकोशी यावर माझा करार झालाय, कपडे वाळायचे तर बाहेर, आणि आत आणायचेच असतील तर एका खोलीत, दार बंद, खिडकी उघडी. करार आठवड्यातनं एखादवेळा मोडतो, शनिवारी सहसा.

आता खिडकीचं भांडण. आमची आई खानापूर तालुक्यातली, जांबोटीच्या बाजूची. पावसाळ्यात तिकडं काय पाऊस असतो ते बघितल्याशिवाय कळत नाही, आणि पुढं कणकुंबीकडं तर विचारूच नका, मलप्रभा तिथनंच निघते. एवढ्या ओलीत वाढलेल्या बाईला ओल कळत नाही असं मी म्हणणार नाही. पण पहाटे मी बेडरूमची खिडकी उघडली की ती शाल गुंडाळून दारात येते, "कशाला उघडालास रे खिडकी, धुकं सगळं आत यायलंय!" दिसायला तसंच दिसतं. बाहेर पांढरं धुकं, आर्द्रता १०० टक्के, मोबाईल पण तेच सांगतो, आणि हा खुळा खिडकी उघडून ओल घरात घेतोय.

पण वरचे आकडे परत बघा. बाहेर १४ डिग्री आणि धुकं, म्हणजे हवेत वाफ १२ ग्रॅम. घरात २२ डिग्रीला ७५ टक्के, म्हणजे साडेचौदा ग्रॅम. बाहेरची ती धुकट हवा आत येऊन २२ डिग्रीपर्यंत तापली की तिची आर्द्रता ६० च्या थोडी वर होते, त्याच्या पुढं नाही. म्हणजे बाहेरचं धुकं आमच्या बेडरूमपेक्षा कोरडं निघालं. धुक्याचे थेंब थोडेफार आत येतात, पण त्यांचं पाणी अगदीच किरकोळ असतं. हे मी आईला कागदावर मांडून दाखवलं, तिनं कागद बघितला आणि म्हणाली, "तुझ्या कागदाला सर्दी होत नाही." याला माझ्याकडं उत्तर नाही. म्हणून आता मधला रस्ता, आई उठायच्या आधी पाच-दहा मिनिटं समोरासमोरच्या दोन खिडक्या सताड उघडायच्या आणि बंद करायच्या. एवढ्या वेळात हवा बदलते, पण भिंती आणि फर्निचर गार पडत नाहीत, त्यामुळं खोली परत लगेच ऊब धरते. रात्रभर खिडकी बोटभर उघडी ठेवून झोपण्यापेक्षा मला हे जास्त पटतं, कारण बोटभर फटीनं हवा नीट बदलत नाही आणि खिडकीजवळची भिंत तेवढी गार होत राहते, म्हणजे बुरशीला आयती जागा.

खरी कामाची वेळ मात्र दुपारची. बेळगावच्या हिवाळ्यातली दुपार म्हणजे २८ डिग्री, आर्द्रता ३०-३५ पर्यंत उतरलेली, म्हणजे वाफ आठ ते साडेनऊ ग्रॅम. यापेक्षा स्वस्त डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी काढणारं मशीन, जगात नाही. अडचण एवढीच की दुपारी घरात असतं कोण. दोघं कामावर, पोरं शाळेत, घराला कुलूप, सगळ्या खिडक्या बंद कारण चोराची भीती, वर धूळ. आमच्याकडं आई असते म्हणून अकरा ते चार खिडक्या उघड्या राहतात, त्याबद्दल तिची तक्रार नाही. ज्यांच्याकडं कुणी नसतं त्यांनी निदान बाथरूमचा आणि किचनचा एक्झॉस्ट चालू ठेवायला आणि वरची एखादी ग्रिल असलेली खिडकी उघडी टाकायला हरकत नाही. आणि स्वयंपाक करताना एक्झॉस्ट लावायचा तो स्वयंपाक झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं तसाच चालू ठेवायचा, फोडणीचा ठसका गेला की लगेच बंद करायचा नाही.

जुन्या घरांत हा प्रश्न असा नव्हता. जांबोटीकडच्या आजोळच्या घरात मातीच्या भिंती, वर कौलं, कौलांच्या फटीतनं धूर जायचा त्याच वाटेनं वाफ पण जायची. चुलीवरच्या माळ्यावर मिरच्या, बियाणं, सुकी मासळी, पावसाळ्यात तिथं ठेवलेलं काही खराब झालं नाही. मातीची आणि चुन्याची भिंत ओल धरते आणि ऊन पडलं की सोडते. टिळकवाडीतल्या जुन्या बंगल्यांत बघा, दारांच्या वर, छताजवळ व्हेंटिलेटर असतात, दोरीनं उघडायचे. गरम दमट हवा वर जाते, तिथनं बाहेर. आता फ्लॅटमध्ये व्हेंटिलेटर गेला, स्लायडिंग खिडकी आली जी मुळातच अर्धीच उघडते, त्यावर मच्छरजाळी, आत पीओपीचं सीलिंग, आतनं ऑइल पेंट नाहीतर प्लास्टिक पेंट. भिंतीनं श्वास घ्यायचा तरी कुठनं? त्यात नवीन बिल्डिंग असली तर काँक्रीट आणि गिलाव्यातलं बांधकामाचं पाणीच वाळायला वर्ष-दीड वर्ष जातं. वास्तुशांत करून आठ दिवसांत राहायला आलेल्यांनी पहिल्या हिवाळ्यात घाबरून जाऊ नये, खिडक्या उघडाव्यात आणि कपाटं भिंतीपासून लांब ठेवावीत.

कपाटाचं जरा सविस्तर सांगतो कारण नुकसान तिथंच होतं. बाहेरच्या भिंतीला घट्ट चिकटवून ठेवलेलं कपाट म्हणजे भिंतीला घातलेलं स्वेटर, घरातली ऊब भिंतीपर्यंत पोचत नाही, भिंत आणखी गार होते, आणि मागच्या फटीत हवा हलत नाही. मग इरकली, पैठण्या, लग्नाचा अल्बम, पोरीची सर्टिफिकेटं, सगळ्याला तो वास. कपाट निदान चार बोटं पुढं ओढा, वर-खाली हवा जायला जागा ठेवा, आणि जमलं तर ते आतल्या भिंतीला न्या, म्हणजे जिच्या दोन्ही बाजूला आपलंच घर आहे अशा. भिंतीत फिट केलेलं प्लायवुडचं वॉर्डरोब असेल तर ते हलवता येत नाही, मग त्याची दारं दुपारी उघडी टाकायची. कापूर आणि डांबरगोळ्यांनी ओल जात नाही, वास तेवढा झाकला जातो, डांबरगोळी किड्यासाठी असते. कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात, ज्यात पाणी जमतं, ते बंद कपाटात खरंच काम करतात. पण एक डबा हॉलमध्ये ठेवून हॉल कोरडा होईल अशी आशा करू नये, वरचा पाऊण लिटरचा हिशोब आठवा. आणि त्यात जमलेलं पाणी लेदरवर सांडू देऊ नका, डाग जात नाही.

आता हे सगळं वाफेच्या ओलीबद्दल झालं. भिंतीतनं येणारी ओल वेगळी, आणि दोन्हीत गल्लत झाली की पैसे पाण्यात. ओळखायची एक सोपी रीत. ओलसर जागेवर हातभर लांबीरुंदीचा प्लास्टिकचा कागद नाहीतर अॅल्युमिनियम फॉइल चारी बाजूनं टेपनं घट्ट चिकटवायचा आणि दोन-तीन दिवस ठेवायचा. घराकडच्या बाजूनं कागदावर पाणी धरलं तर ती खोलीतली वाफ. कागद काढल्यावर भिंतीकडची बाजू ओली असेल तर पाणी भिंतीतनं येतंय, पावसाचं मुरलेलं, पाइपचं, नाहीतर वरच्या बाथरूमचं. दिसण्यातही फरक आहे. मुरलेल्या पाण्याला पिवळट तपकिरी कड येते, रंगाचे पोपडे सुटतात, पांढरा लोणा, म्हणजे खाराची पूड, फुलतो. वाफेच्या ओलीत लोणा नसतो, काळे-हिरवे ठिपके असतात आणि पुसले की काही दिवस जातात. तळमजल्यावर जमिनीपासून कमरेपर्यंत पट्टा ओला असेल तर ती घराच्या पायातनं, जमिनीतनं चढणारी ओल, त्याला खिडकी उघडून काही होणार नाही.

वरच्या बाथरूमचं प्रकरण म्हणजे वेगळंच महाभारत. आमच्या खालच्या मजल्यावर एकांच्या पॅसेजमध्ये डाग वाढत होता, वरच्यांनी प्लंबर आणला, तो आत जाऊन नळ उघडून बंद करून दोन मिनिटांत बाहेर, "लीकेज इल्ल री," म्हणजे लीकेज नाही हो. संपलं. मग आम्ही वरच्या बाथरूमच्या जाळीला बोळा कोंबून, लादीवर रंगीत पाणी भरून एक रात्र ठेवलं, सकाळी खालच्या डागाला गुलाबी कड. पुरावा हातात असला की लोक भांडत नाहीत, फक्त खर्च कुणाचा यावर भांडतात.

मशीनचं म्हणाल तर सगळ्यात आधी एक हायग्रोमीटर घ्या, काही शे रुपयांत डिजिटल मिळतो, तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवतो. तो खरं बोलतो का ते घरीच तपासता येतं. बाटलीच्या टोपणात चमचाभर मीठ, चार थेंब पाण्यानं ओलं करून, विरघळवायचं नाही, नुसता चिखल, ते आणि हायग्रोमीटर एका हवाबंद पिशवीत रात्रभर. सकाळी आकडा ७५ च्या आसपास पाहिजे, मिठाचा तो ठरलेलाच आकडा आहे. ७० दाखवत असेल तर आपण ५ मिळवून वाचायचं. बरणीतलं मीठ पाघळतं तेही याच आकड्याच्या वर, म्हणजे हिवाळ्यात तुमच्या किचनमधलं मीठ ओलं व्हायला लागलं तर मीटर नसला तरी कळलं. आमच्या घरात अजून एक मीटर आहे, बाबांचा तबला. हवा दमट झाली की पुडी सैल पडते आणि सूर उतरतो, मग हातोडी घेऊन ठोकत बसतात आणि आई म्हणते आज कपडे वाळायचे नाहीत. घरात ४० ते ६० च्या मध्ये काटा असला की बास, त्याच्या खाली न्यायच्या मागं लागू नका, फेब्रुवारीत तसंही नाक कोरडं पडतं.

डीह्युमिडिफायर घ्यावा का? ऑनलाइन जे छोटे, हातात मावणारे मिळतात ते दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी काढतात, म्हणजे झोपलेल्या एका माणसापुरते. कॉम्प्रेसरवाले मोठे कामाचे, पण खोक्यावर लिहिलेलं दिवसाला १० लिटर, १२ लिटर हे बहुतेक ३० डिग्री आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेलं असतं. आपल्या जानेवारीच्या गार खोलीत ते त्याच्या निम्म्यावर येतं, कधी निम्म्याच्याही खाली. जुलैत मात्र वसूल होतो, तेव्हा घ्यायचाच तर पावसाळ्याचा विचार करून घ्या आणि हेस्कॉमच्या वीजबिलाचाही. एसीचा ड्राय मोड पण गार खोलीत नीट चालत नाही. रूम हीटरनं आर्द्रतेचा आकडा खाली येतो पण पाणी कुठं जात नाही, हीटर बंद केला की परत तिथंच, म्हणून हीटर लावून मग खिडकी उघडणं याला अर्थ आहे, नुसत्या हीटरला नाही.

आणि एक गोष्ट चेष्टेत न घेता वाचा. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. ऊब येते, भिंत कोरडी वाटते, आणि शेगडीतनं सुटणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तसाच बाथरूममधला गॅस गीझर. तो आंघोळीच्या बंद जागेत जळतो, भिंत ओली करतो ते सोडा, तिथला ऑक्सिजन संपवतो आणि तोच वायू तयार करतो, यानं माणसं आंघोळ करताना गेलीत. गीझर बाहेर, बाल्कनीत किंवा उघड्या डक्टला. ओल परवडली.

आलेली बुरशी काढायची तर कोरड्या ब्रशनं खरवडू नका, सगळी धूळ होऊन घरभर जाते आणि दम्याच्या माणसाला त्रास. तोंडाला मास्क, हातात मोजे, ओल्या फडक्यानं साबणाच्या पाण्यानं पुसायचं, मग पातळ केलेलं ब्लीच, खिडकी उघडी. ब्लीचमध्ये व्हिनेगर नाहीतर टॉयलेट क्लीनर मिसळायचं नाही, क्लोरीन सुटतो. मग भिंत पूर्ण वाळू द्यायची. पीओपी नाहीतर जिप्समच्या आत बुरशी गेली असेल तर पुसून उपयोग नाही, तो तुकडा कापूनच काढायला लागतो.

रंगाबद्दल माझं मत जरा कडक आहे. आपल्याकडं घर रंगवायचं ते दिवाळीच्या आधी, पाहुणे येणार म्हणून. आणि बेळगावात दिवाळीच्या आधी भिंत सगळ्यात ओली असते, चार महिन्यांचं पाणी तिच्या पोटात आणि वर आपण पुट्टी, प्रायमर, चकचकीत पेंट लावून झाकण घालतो. आतलं पाणी बाहेर यायला बघतं, जानेवारीत फुगे, मार्चमध्ये पोपडे. मग रंगारी म्हणतो माल चांगला नव्हता आणि दुकानदार म्हणतो हात नीट मारला नाही. आतनं डॅम्पप्रूफ कोट मारला की झालं असं पण सांगतात, पण पाणी बाहेरनं येतंय तर बंदोबस्त बाहेरनं पाहिजे, भेगा, सज्जाची पागोळी, पाइपभोवतीची जागा. आतनं अडवलेलं पाणी दुसऱ्या ठिकाणी उगवतं. घर रंगवायची खरी वेळ शिमगा ते गुढीपाडवा, भिंत खडखडीत असते, रंगारी मोकळे असतात, भावही जरा उतरतो. दिवाळीला भिंत धुवून पुसून कंदील लावा, पाहुणे फराळ बघतात.

आमच्या बिल्डिंगचं सध्या असं चाललंय की गच्चीचा कोबा उखडून नवीन घालायचा ठरलाय, उताराच्या बाजूला पाणी साठतं ते सगळ्यांनी स्लिपर काढून पाय बुडवून बघून झालंय. काम एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपायला पाहिजे, कारण बेळगावात वळीव कधी बडवेल याचा नेम नाही, आणि ओल्या स्लॅबवर वॉटरप्रूफिंग केलं तर परत तेच रंगासारखं. तीन कोटेशनं आलीत, मधलं बरं वाटतंय, त्यात पाणी साठवून टेस्ट करून द्यायचं लिहून दिलंय. दोन फ्लॅटवाल्यांनी अजून पैसे दिलेले नाहीत, आणि त्यातले एक ते "बेळगावची हवाच तशी" वाले काका.